ब्रेककाका आणि ‘ओला टॉवेल’

ब्रेककाकांना घराबाहेर कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नसेल. धंदा गाडी शिकवण्याचा. छोटी पांढरी गाडी, टपावर लाल ‘एल’ची पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक. त्या ब्रेकवर काकांचा उजवा पाय कायमचा मुक्कामाला. बूट झिजायचा तोही तेवढ्याच एका जागी. बूट शिवणारा एकदा म्हणाला होता, “काका, तुम्ही एकाच पायानं चालता का हो?”

काका ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं शिकणारी मंडळी म्हणत. ते हळू आवाजात “आरसा बघा” म्हणायचे आणि पुढच्याच क्षणी पायाखालचा ब्रेक दाबायचे. गाडी गचकन थांबायची, शिकणाऱ्याचा जीव घशात. मग काका तितक्याच हळू आवाजात विचारायचे, “आता सांगा, का थांबवली मी?”

पण शिकवण्यात माणूस अस्सल. क्लच कसा सोडायचा हे सांगायची त्यांची एक खास पद्धत होती. “झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून आपण हात काढून घेतो ना, तसा सोडायचा. बाळाला कळता कामा नये.” हे वाक्य गावातल्या निम्म्या लोकांना पाठ होतं. हात कसा काढायचा ते काका स्वतःच्या मुलीवर शिकले होते. चिऊ तान्ही असताना रात्र रात्र त्यांच्या दंडावर झोपायची.

आणि नेमकी चिऊच त्यांच्याकडे गाडी शिकली नाही.

म्हणजे सुरुवात केली होती. तीन वर्षांपूर्वी, कॉलेज संपल्यावर. बाहेरच्यांना काका एका धड्यात चारदा ब्रेक दाबायचे, तर पोटच्या पोरीला चाळीसदा. काळजी, दुसरं काय. शेवटी पेट्रोलपंपाजवळच्या चौकात, सिग्नल हिरवा झालेला असताना, चिऊनं हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरली. “तूच चालव बाबा. तसंही तूच चालवतोयस,” एवढं बोलून ती जी चालत सुटली, ती त्या गाडीत पुन्हा बसली नाही. विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली, तिथेही बसनं जायची. काका रोज सकाळी सहज विचारल्यासारखं विचारायचे, “सोडू का ऑफिसला?” आणि ती रोज चपला घालता घालता म्हणायची, “बस आहे.” घरात भांडण नव्हतं. बोलणं व्हायचं, चहा कोण करणार यावर, पंख्यावर, आणि सगळ्यात जास्त पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवर. टॉवेल टाकायचा चिऊनं आणि आरडाओरडा करायचा काकांनी, हा सकाळचा कार्यक्रम ठरलेला. गाडी सोडून सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं.

गावाला गाडी शिकवली आणि आपलीच मुलगी बसथांब्यावर उभी, हे काकांना किती लागायचं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते चिडायचे मेकॅनिकवर. कारण हल्ली दर सोमवारी सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरायची. बॅटरी उतरलेली. शिवाय त्यांची सीट पुढे सरकलेली, गुडघे डॅशबोर्डला लागायचे. “तू बसवलेली बॅटरी म्हणजे निव्वळ पाणी आहे,” असं ते मेकॅनिकला बोलले होते. सीटचं खापरही त्याच्याच माथी. बिचारा म्हणायचा, “काका, त्यापेक्षा तो इंडिकेटर बदलून घ्या.” तेही खरंच होतं. काकांच्या गाडीचा इंडिकेटर उचकी लागल्यासारखा वाजायचा. टिक-टिक, मग जरा थांबून, टिक. पण दिवा लागतोय ना, मग झालं, असा काकांचा हिशेब.

काकांचा आणखी एक नियम होता. शेवटचा धडा शिकणाऱ्याचा. रस्ता त्यानं निवडायचा, गाडीत काय ऐकायचं ते त्यानं ठरवायचं, आणि काकांनी दोन्ही पाय सीटखाली घेऊन तोंड मिटून बसायचं. कुणी बातम्या लावायचं, कुणी जुनी गाणी. एका वकिलानं तर निव्वळ शांतता मागितली होती. त्या दिवशी काका ब्रेकला पाय लावत नसत. इतक्या वर्षांत एकदाही लावला नव्हता, आणि याचा त्यांना फार अभिमान.

तर तो शेवटचा धडा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता. तिशीच्या, हसऱ्या, दवाखान्यात म्हणे दगडासारखे स्थिर हात, पण स्टिअरिंग धरलं की घाम. चौक आला की स्वतःशीच पुटपुटायच्या, “थोडंसंच दुखेल हं.” त्या दिवशी मात्र गाडीत बसल्या त्या मोठ्या ऐटीत. पर्समधून एक सीडी काढली. वर ‘दातांचा एक्स-रे’ असं छापलेलं, आणि खाली पेशंटच्या नावाच्या रेघेवर निळ्या शाईत लिहिलेलं, ‘ब्रेककाका’.

“माझे दात कधी काढलेत तुम्ही?” काकांनी विचारलं.

“दात नाहीत हो काका, गाणी आहेत! तुमच्या गाडीत सीडीच चालते ना. मग शोधत बसले, आता सीडी कोण विकतं! शेवटी दवाखान्यातल्या एक्स-रेच्या कोऱ्या सीड्या सापडल्या. एकेक गाणं निवडून लावलंय. दोन रविवार घालवलेत, माहितेय?”

“कुणाची गाणी?”

“इंडी रॉक म्हणतात त्याला. म्हणजे मोठी कंपनी वगैरे कुणी नाही. पोरं-पोरी आपापल्या घरी, स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये वाजवतात आणि आपणच रेकॉर्ड करतात.”

“गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतात.”

“काका, आज बोलायचं नाही,” असं म्हणून बाईंनी सीडी आत सरकवली, आरसा बघितला, आणि खरंच बाळाच्या डोक्याखालून काढावा तसा क्लच सोडला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि काका दचकलेच. लोखंडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तशी गिटार, आणि गाणारा असा विव्हळत होता की काकांना राहवेना. “याची कुठली दाढ?”

“काका!”

दुसरं गाणं जरा बरं होतं. कुणीतरी डबे-पातेली बडवत होतं, पण बडवण्यात काहीतरी मजा होती. काकांचं बोट गुडघ्यावर ठेका धरतंय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, तेव्हा त्यांनी हात खिशात घातला.

“आता ऐका,” बाई म्हणाल्या. “हे माझं सगळ्यात लाडकं. ड्रम वाजवणारा एक पेशंट आहे माझा, त्याची अक्कलदाढ काढली, तर त्यानं बरं झाल्यावर ही सगळी गाणी आणून दिली. त्याच्याच बँडचं आहे हे. बँडचं नाव ‘ओला टॉवेल’.”

“हे नाव आहे?”

“भारी ना?”

काकांना क्षणभर आपला पलंग दिसला. मग वाटलं, पलंगावर ओला टॉवेल पडणारं काय आपलं एकच घर आहे जगात? समोर मोठा गोल चौक दिसत होता. आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला. टिक-टिक. टिक. टिक-टिक. टिक.

“इंडिकेटर बंद करा,” काका म्हणाले. “सरळ जातोय आपण.”

“बंदच आहे.”

काकांनी पाहिलं. बाण विझलेला होता. तरी आवाज येतच होता, टिक-टिक, जरा थांबून, टिक. काका वाकले, डॅशबोर्डला कान लावला. मग दाराला लावला. आवाज दारातून येत होता, दारातल्या स्पीकरमधून. आणि त्याच उचकीवर पाय ठेवत ठेवत एक गिटार हळूच आत शिरली.

काका ताठ झाले. “ही आपली गाडी आहे.”

“अं?”

“हा आवाज या गाडीचा आहे. ही गाडी. जिच्यात आपण बसलोय.”

“काहीतरीच काय काका! असे इंडिकेटर शंभर गाड्यांना असतील.”

“तुम्ही बसवलेली कवळी तुम्ही ओळखाल की नाही?”

“डोळे मिटून.”

“मग!”

बाईंनी चौकात गाडी घातली, “थोडंसंच दुखेल” म्हणत. आणि गाणारी गाऊ लागली. खालच्या पट्टीतला, जरासा बसलेला आवाज, घाई नसलेला.

*झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून*
*हात काढून घेतोस ना, तसा सोड...*

“अगंबाई!” बाई किंचाळल्या. “काका, हे तर तुमचं वाक्य! मी इतक्यांदा ऐकलं, माझ्या डोक्यातच आलं नाही!”

काकांना बाईंचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. कुणातरी जुन्या विद्यार्थ्यानं आपली टर उडवली, गावभर उडवली, एवढं डोक्यात येतंय तोवर गाणारीनं पुढची ओळ उचलली, *तसा सोड ना, बाबा*, आणि त्या ‘बाबा’वर काकांनी आवाज ओळखला. ताप चढला की हाच आवाज रात्री ‘बाबा, पाणी’ म्हणायचा. दुसऱ्या कुणाचा नव्हताच तो.

*गाडी माझ्या हातात,*
*ब्रेक तुझ्या पायात.*

काकांचा पाय सीटखालून कधी निघाला आणि कधी ब्रेकवर गेला ते त्यांना कळलंच नाही. गाडी गोल चौकाच्या मधोमध गचकन थांबली आणि बंद पडली. मागे हॉर्नचा गदारोळ उठला. बाजूनं जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढली. ब्रेककाकांना ओळखून त्याचं तोंड फुललं. “काय काका! नवीनच शिकताय का?”

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत हॉर्नपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा धक्का होता. “काका, तुम्ही ब्रेक दाबलात? आज?”

काकांचा चेहरा पाहून बाईंनी गाडी पुन्हा सुरू केली, शिस्तीत चौकातून बाहेर काढली आणि एका बंद दुकानापुढे उभी केली. नीट केलं सगळं, पण ते बघायला काका तिथे नव्हतेच.

“ती माझी मुलगी आहे,” काका म्हणाले.

“कोण?”

“ही. गाते ती.”

बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. मग दोघंही ‘ओला टॉवेल’ तिथेच छापलेलं असावं तसे त्या स्पीकरकडे बघत बसले. विम्याच्या ऑफिसात फायली लावणारी चिऊ. संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते म्हणणारी. लहानपणी न्हाणीघरात गायला लागली की ‘नळ बंद कर आणि गाणंही’ असं जिला आपण सांगायचो. ती गाते, आणि ड्रमवाले तिच्यामागे वाजवतात, आणि दातांचे डॉक्टर ते निवडून निवडून ऐकतात. आणि आपल्याला हे एका एक्स-रेच्या सीडीवरून कळतंय.

काकांनी विचारलं, “डॉक्टर, खरं सांगा. चेष्टा आहे का ही माझी?”

बाईंनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पूर्ण ऐकलं. मग दवाखान्यात बोलत असतील तशा आवाजात म्हणाल्या, “पेशंट येतो ना काका, तोंडात बोट घालून नेमकं दाखवतो, इथे दुखतं म्हणून. तसं आहे हे. चेष्टा करणारी माणसं एवढं नेमकं दाखवत नाहीत.”

काकांनी मान हलवली. मग एकदम भुवया वर गेल्या. “आणि ही मागे कोण आहे?” शेवटच्या कडव्यात गाणारीच्या पाठीमागे आणखी एक आवाज होता. शब्द नाहीत, नुसता हुंकार, जरा घाबरत घाबरत लागलेला. ते काही बाईंना सांगता येईना.

सीडी बाईंनी काकांनाच दिली. नाव त्यांचंच होतं वर.

घरी येऊन काकांनी गाडी खाली लावली आणि गाडीतूनच वर हाक मारली. “अगं, खाली ये!”

बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. “दूध ठेवलंय गॅसवर.”

“बंद करून ये.”

इतक्या वर्षांत दुधापेक्षा महत्त्वाचं असं काही काकांनी सांगितलं नव्हतं. बायको धावतच खाली आली. काका चालवणाऱ्याच्या सीटवर होते. ती शेजारच्या सीटवर बसली, आणि बसता बसता, न बघता, हात खाली घालून खटका उचलला आणि सीट पुढे ओढून घेतली. मंगळसूत्र सरळ करावं इतक्या सवयीनं.

काकांनी त्या सीटकडे बघितलं. मग बायकोकडे. सोमवारची सीट. ते अवाक् झाले ते झालेच, पण गाणं आधी लागायला हवं होतं. त्यांनी बटण दाबलं. टिक-टिक. टिक.

बायको हातातल्या रुमालाची घडी घालू लागली. घातली, मोडली, परत घातली. हुंकार आला तेव्हा ती एकदम खिडकीबाहेर कावळा शोधू लागली.

“ही कोण?” काकांनी विचारलं.

“कोण कोण?”

“हूं-हूं करणारी.”

“मीच,” बायको म्हणाली. “आता दुसरी कोण बसणार तिच्याबरोबर रविवारच्या उन्हात?”

काकांच्या तोंडून आवाज निघाला तो ब्रेकच्या जुन्या तारेसारखा. तीस वर्षांचा संसार. या बाईला त्यांनी भाजीवाल्याशी बोलताना ऐकलं होतं, फोनवर बहिणीशी भांडताना ऐकलं होतं, झोपेत बडबडताना ऐकलं होतं. गाताना, कधीच नाही.

“तुम्ही दुपारी झोपलात की किल्ली द्यायची मी तिला. चालवायची नाही हो. नुसतं बसायचो आम्ही, गाणं रेकॉर्ड करत. ती म्हणाली, काचा वर केल्या की या गाडीइतकी शांत जागा गावात दुसरी नाही. सीटा मऊ, आवाज घुमत नाही.” मग बायको जरा थांबली. “तुम्ही नसलात की, म्हणाली.”

“आणि बॅटरी?”

“इंडिकेटर चालू ठेवायला लागायचा ना. ताल त्याचाच.”

“मेकॅनिकला मी काय काय बोललो! निव्वळ पाणी म्हणालो!”

“मग जाऊन माफी मागा त्याची.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही मला विचारलंत का? तुम्ही बॅटरीला विचारत बसलात.”

काका स्टिअरिंगकडे बघत राहिले. “मला वाटायचं तिला या गाडीचा राग आहे.”

“गाडीचा नाही,” बायको म्हणाली, आणि रुमालाची घडी एकदाची नीट घातली.

संध्याकाळी चिऊ बसमधून उतरून गल्लीत शिरली तेव्हा तिला गाडीत आई आणि बाबा असे शेजारी शेजारी बसलेले दिसले, फोटोला बसावं तसे. आणि पाच पावलं पुढे आल्यावर गाडीतून येणारा स्वतःचा आवाज ऐकू आला. तिची पर्स खांद्यावरून कोपरापर्यंत घसरली.

“आई!”

“मी एक शब्द बोलले नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आणलं.”

“कुठल्या दातांच्या?” चिऊचा आवाज चिरकला. “आई, काय बोलतेस तू?”

काका खाली उतरले. चिऊ एक पाऊल मागे सरली. आता काय होणार ते दोघींनाही ठाऊक होतं. टॉवेलसारखंच सगळं, फक्त मोठं. बायको काच खाली करून तयारच होती, मध्ये पडायला.

काकांनी चालवणाऱ्याचं दार उघडं टाकलं. मागचं दार उघडलं. आणि मागे जाऊन बसले.

मायलेकी बघतच राहिल्या. ही गाडी घेतल्यापासून काका मागच्या सीटवर बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते जमत नव्हतं, हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी ते त्यांनी मांडीवर ठेवले.

“बाबा, मागे काय करतोयस?”

“आज तुझा शेवटचा धडा.”

“काय?”

“राहिला होता. मैदानाच्या मागच्या रस्त्यानं जाऊ. तिथे कुणी नसतं.”

चिऊ आईकडे बघत होती, आई चिऊकडे. “अहो पण,” बायको म्हणाली, “ब्रेक माझ्या पायाशी आलाय.”

कुणी काही बोलायच्या आत तिनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसली. “मला कुठे काय कळतं त्यातलं,” ती म्हणाली.

चिऊ आत बसली. कुणी सांगण्याआधी तिनं आरसा हलवला, आणि आरशात तिला बाबा दिसला. एवढा लांबून, एवढा मधोमध, तो तिनं गाडीत कधी पाहिला नव्हता. तिनं किल्ली फिरवली. क्लच सोडला. गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली.

मागे काकांचं तोंड उघडलं. बायकोनं वळून नुसतं बघितलं. तोंड मिटलं.

दुसऱ्या वेळी गाडी निघाली. गाडी हलली हेच आधी कळलं नाही, नुसत्या बाजूच्या भिंती मागे जाऊ लागल्या. गल्लीचं तोंड आलं तसा चिऊनं इंडिकेटर दिला. गाणं संपत आलं होतं, पण त्यातली टिकटिक अजून वाजत होती, आणि आता खरीही वाजायला लागली. दोन्ही टिकटिकींचा मेळ बसेना, एक थांबली की दुसरी उचकायची. बायको मांडी घालूनच हळूच हुंकारली, आणि काकांनी या वयात आपली बायको गाताना पाठीमागून ऐकली.

वळणावर एक सायकलवाला आडवा आला. चिऊनं ब्रेक दाबला. तिनं, तिच्या पायानं, वेळेवर. सायकलवाला गेला.

“बाबा,” आरशातून ती म्हणाली.

“काय गं?”

“पाय.”

काकांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय बायकोच्या सीटखाली, जिथे काहीही नव्हतं त्या चटईवर, सगळा जोर लावून दाबून बसला होता.

“नुसता ठेवलाय,” काका म्हणाले.